पाकिटात वजन कमी भरलं तर? वजनमापे खात्याच्या सेवेचं परीक्षण

बिस्किटांच्या पुड्यावर ३०० ग्रॅम छापलंय आणि आत २८५ निघाले, तर अनेकजण तक्रार घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे जातात. तिथे भेसळ आणि दर्जा पाहतात. पाकिटातल्या वजनाचं काम वैध मापन शास्त्र यंत्रणेचं, म्हणजे बोलीतल्या 'वजनमापे' खात्याचं.

या खात्याच्या हातातला नियम भक्कम आहे. आवेष्टित म्हणजे पाकीटबंद वस्तूंच्या नियम, २०११ प्रमाणे निव्वळ वजनात वेष्टण धरायचं नाही आणि तुटीलाही मर्यादा आहे. ५० ग्रॅमपर्यंत ९ टक्के, २०० ते ३०० ग्रॅमला ९ ग्रॅम, ३०० ते ५०० ला ३ टक्के, ५०० ग्रॅम ते १ किलोला १५ ग्रॅम. म्हणून ३०० ग्रॅमच्या पुड्यात २९२ भरले तर तेवढ्या एका पुड्यावर गुन्हा होत नाही. मात्र तपासलेल्या नमुन्यांची सरासरी छापील वजनाच्या खाली गेलेली चालत नाही. प्रत्येक पाकीट मुद्दाम ५ ग्रॅम हलकं भरणारा इथेच सापडतो.

दुधात हमखास गफलत होते. अर्धा लिटर दूध साधारण ५१५ ग्रॅम भरतं. पिशवी काट्यावर ५०० ग्रॅम दिसली की लोक निश्चिंत होतात, पण ते दूध ४८५ मिलिलिटरच्या आसपास असतं, म्हणजे तुटीच्या ३ टक्के मर्यादेच्या अगदी काठावर.

तेलात खात्याने खरोखर चांगलं काम केलं. तापलेलं तेल फुगतं. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. पिशवीवर 'इतक्या अंशांना एक लिटर' असं चढं तापमान छापलं की लिटरमागे २६ ग्रॅम बिनबोभाट वाचत. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमानाचा उल्लेख काढून लिटर आणि ग्रॅम दोन्ही नीट छापायला सांगितलं, मुदत १५ जानेवारी २०२३. आज पिशवीवर '१ लिटर / ९१० ग्रॅम' दिसतं ते त्यामुळे.

पण याच नियमांच्या २०२१ च्या दुरुस्तीत ठरावीक मापांचीच पाकिटं काढण्याचं बंधन गेलं, आणि हे ग्राहकाच्या मुळावर आलं. लिटरसारख्या दिसणाऱ्या पिशवीत ८५० ग्रॅम असले आणि तसं छापलेलं असलं, तर निरीक्षक काहीच करू शकत नाही. तिथे एककामागची किंमत वाचायची. किलोच्या आतल्या पाकिटावर ती प्रति ग्रॅम असते.

तक्रार करायची तर पुडा फोडू नका. फोडलेल्या पुड्याचं वजन पुरावा म्हणून टिकत नाही. त्याच बॅचचे दोन-तीन बंद पुडे आणि बिल ठेवा. बॅच क्रमांक, महिना, किंमत आणि पॅकरचा पत्ता यांचे फोटो काढा. घरचा काटा फक्त संशयापुरता, दुकानातल्या काट्यावर चालू वर्षाची पडताळणी आहे का ते पाहा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा किंवा जिल्ह्यातल्या निरीक्षकाला लेखी द्या आणि पोच घ्या.

सेवा कमी पडते ती पुढे. २००९ च्या मूळ वैध मापन शास्त्र कायद्यात वजनातल्या तुटीसाठी पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० हजार दंड ठेवला, रोज हजारो पाकिटं भरणाऱ्याला तो जाणवतही नाही. प्रकरण तडजोड शुल्क, म्हणजे खटल्याऐवजी खात्यात भरायची रक्कम, देऊन मिटतं. तो पैसा सरकारजमा होतो, ग्राहकाला दमडी मिळत नाही. भरपाई हवी तर ग्राहक आयोगच गाठावा लागतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही. केरळात त्रिशूरच्या जिल्हा आयोगाने २०२४ मध्ये ३०० ग्रॅमच्या बिस्किट पुड्यातल्या तुटीबद्दल ५० हजार भरपाई आणि १० हजार खर्च द्यायला लावला. तिथे वजनमापे खात्याची मोजणीच ग्राहकाच्या कामी आली, म्हणून निरीक्षकाच्या अहवालाची प्रत मागून घ्याच.