चौसष्ट पानांत थोरले बाजीराव

मंगरूळपीरच्या बाजारात जुन्या-नव्या पुस्तकांच्या हातगाडीवर चाळीस रुपयांत मिळालेले थोरल्या बाजीराव पेशव्यांचे हे छोटेखानी चरित्र मी सोयाबीनची गंजी राखताना दोन दुपारींत वाचून संपवले. १७२० मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, पेशवाईची वस्त्रे मिळाल्यापासून २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला झालेल्या मृत्यूपर्यंतचा पट लेखकाने आटोपशीर मांडला आहे.

पुस्तकाचा खरा जीव पालखेडच्या प्रकरणात आहे. निजामाशी समोरासमोर न भिडता, अवजड तोफखाना सोबत न घेता, बाजीरावांनी त्याला कसे पळवले, फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळ त्याचे पाणी आणि रसद कशी तोडली आणि अखेरीस मुंगी-शेवगावचा तह कसा घडला, हे वाचताना मी चहा निवू दिला. मात्र, त्याच मोहिमेत मराठी फौजा माहूर, मंगरूळ, वाशीम या आमच्या मुलखातून लूट करीत गेल्या, याला येथे एकच ओळ मिळते. ज्या गावात पुस्तक विकले जाते, त्या गावाच्या वाचकाला ती ओळ अपुरी वाटणारच.

मस्तानीवर मात्र नऊ पाने खर्ची पडली आहेत, ती निम्मी चालली असती. नकाशा एकच, तोही इतका पुसट की तापी कोणती आणि गोदावरी कोणती, हे बोट ठेवूनही उमगत नाही. मधली पाने पिनेतून सुटली, ती मी सुई-दोऱ्याने शिवली. पुस्तक आता गावच्या वाचनालयात दिले आहे.