‘कऱ्हाड’ नीट लिहिणारा फॉन्ट: टिरो देवनागरी मराठी, एक सेमिस्टर वापरून

नवा मराठी फॉन्ट डाउनलोड केला की मी सगळ्यात आधी आमच्या गावाचं नाव टाइप करते. कऱ्हाड. त्यातला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र नीट बसला तर पुढचं बघायचं, नाहीतर फाइल डिलीट. मी पुण्यात डिजिटल मीडिया डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गात फॉन्ट निवडताना बहुतेक जण नमुन्याचं वाक्य बघतात, आणि ते वाक्य बहुतेक वेळा हिंदी असतं. त्यात ळ नसतो, ऱ्य नसतो, ॲ नसतो. फॉन्ट सुंदर दिसतो आणि प्रोजेक्टच्या आदल्या रात्री ‘पायऱ्या’ लिहायची वेळ आली की गडबड होते.

या सेमिस्टरला मी मोबाइलवर वाचायचं एक पान केलं, कोयनेच्या भूकंपाच्या आठवणींचं. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट ज्यांनी पाहिली ती माणसं आता सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. पाटण तालुक्यातल्या ९ जणांशी बोलले, रेकॉर्ड केलं आणि शब्द न शब्द उतरवून काढला. १४ हजारांच्या वर शब्द झाले. दऱ्या, पायऱ्या, गुऱ्हाळ, म्हाताऱ्या, बऱ्याच, साऱ्या... बोलता बोलता माणसं हा अर्धा र किती वेळा वापरतात ते मला तेव्हा कळलं. एक आजी म्हणाल्या, “साऱ्या भांड्यांचा आवाज आधी आला, मग घर हललं.” हे वाक्य ज्या अक्षरात लावायचं ते अक्षर धड असायला नको का?

त्यासाठी मी टिरो देवनागरी मराठी घेतला. गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे, परवाना खुला आहे. कॉलेजच्या कामाला, दुकानाच्या पाटीला, विकायच्या पुस्तकालाही चालतो, फक्त फॉन्ट सुटा विकायचा नाही. कॅनडातल्या टिरो टाइपवर्क्सचं हे काम, जॉन हडसन आणि फियोना रॉस ही त्यातली मोठी नावं. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनानं २०१५ पासून मूर्ती क्लासिकल लायब्ररी ही भारतीय अभिजात ग्रंथांची मालिका काढली, तिच्यासाठी जी देवनागरी घडवली तिच्यातून हे कुटुंब वाढलं. हिंदी, संस्कृत आणि मराठी असे तीन वेगळे फॉन्ट आहेत. मराठी वेगळा का, हे समजून घेतलं पाहिजे.

कारण ल आणि श. हिंदी वळणाचा ल उजवीकडच्या दंडाला टेकून उभा असतो. आपला ल दोन पाकळ्यांचा, मधल्या देठानं शिरोरेषेला लटकलेला. आपण पाटीवर तोच गिरवला. पण फोनवर रात्रंदिवस हिंदी वळण बघून बघून माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना हा फरक दाखवावा लागला. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगितलं तरच आपलं वळण येतं. ती एक ओळ राहिली की हिंदी ल. टिरोच्या या फॉन्टमध्ये काही सांगावं लागत नाही. टाइप केलं की आपलाच ल येतो. (ती ओळ तरीही लिहाच. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ती लागते.)

अक्षराचा स्वभाव छापील पुस्तकाचा आहे. जाड-बारीक रेघांत चांगला फरक आहे, बोरूनं लिहिल्यासारखा. ळ चे दोन्ही गोल मोकळे आहेत. ‘हृदय’मधला हृ, ‘ज्ञान’मधला ज्ञ, ‘उद्ध्वस्त’मधलं ते अवघड जोडाक्षर, सगळं मी २०० टक्के मोठं करून बघितलं. ‘उद्ध्वस्त’ तर माझ्या मजकुरात ३१ वेळा आहे.

आता जिथे अडलं ते. आईच्या फोनवर. आई अंगणवाडी सेविका आहे, फोन चार वर्षांचा, आणि रात्री ब्राइटनेस अगदी कमी ठेवून वाचायची सवय. पान तिला पाठवलं तेव्हा अक्षराचा आकार १६ पिक्सेल होता. ती म्हणाली, “अगं, मात्रा दिसतच नाहीत, ‘के’ आहे का ‘कै’ आहे?” माझ्या लॅपटॉपवर देखण्या दिसणाऱ्या बारीक रेघा तिथे विरघळून गेल्या होत्या. आकार २० केला, दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.७ पट केलं, पांढऱ्या पार्श्वभूमीऐवजी फिकट पिवळसर घेतली. मग तिनं एका बैठकीत दोन आठवणी वाचल्या आणि तिसऱ्या आठवणीतल्या बाई तिच्या ओळखीच्या निघाल्या. २० च्या खाली आकार नेऊ नका. तारखा, फोटोखालच्या ओळी, बटणं यांना हा फॉन्ट लावायचाच नाही.

दुसरी अडचण मोठी. याला ठळक वजन नाही. एक साधं आणि एक तिरकं, बस. तिरकं मी वापरलं नाही, मराठीत बोलणं वेगळं काढायला अवतरणचिन्ह पुरतं. पण मथळा ठळक हवा होता. कोडमध्ये ठळक मागितलं तर ब्राउझर स्वतःच अक्षर फुगवतो, आणि शिरोरेषेखालची मोकळी जागा बुजून ‘थ’ आणि ‘य’ एकसारखे दिसायला लागतात. यावर उपाय आहे: सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) फॉन्ट-सिंथेसिस, म्हणजे ब्राउझरचं हे फुगवणं, बंद करा आणि मथळ्यांना दुसरा फॉन्ट घ्या. मी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता घेतला. त्याची ७ वजनं आहेत, २०० पासून ८०० पर्यंत, तोही फुकट. साधा, सरळ, लहान आकारातही स्वच्छ. बटणं, तारखा, मथळे मुक्तात, आठवणी टिरोत. ही जोडी मला इतकी पटलीय की पुढच्या सेमिस्टरलाही मोडणार नाही.

एक गोष्ट मात्र फॉन्टच्या हातात नसते, आणि ती मला ६५० रुपयांना पडली. प्रदर्शनासाठी एक मोठा फलक छापायला दिला. स्क्रीनवर सगळं बरोबर. फलक आला तेव्हा वरच्या ओळीत ‘कर्हाड’. चंद्रकोर गेली आणि ह च्या डोक्यावर रफार बसला. दुकानाशी भांडून उपयोग नव्हता, कारण मूळ माझ्याच फाइलमध्ये होतं. हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक, नुक्ता असलेला ऱ, मग पायमोडका, मग ह. दुसरा, साधा र, पायमोडका, मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. पण मजकूर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना ते न दिसणारं चिन्ह गळून पडू शकतं, आणि मग उरतो रफार. मैत्रिणीनं दोन आठवणी उतरवून दिल्या होत्या, तिचा कीबोर्ड दुसऱ्या प्रकारचा निघाला. शोध घेतानाही हेच होतं: पानावर ‘दऱ्या’ शोधलं की निम्मे सापडतात, निम्मे नाहीत. शेवटी सगळा मजकूर चाळून ११८ ठिकाणी मी पहिला प्रकार लावला. तीन संध्याकाळी गेल्या. दोन वर्षांत शिकवणीत एकदाही हा विषय निघाला नव्हता याचं मला खरंच वाईट वाटलं. रंगसंगतीवर आमचं आख्खं सेमिस्टर झालं आहे.

गुण द्यायचे तर लांब मजकुरासाठी पाचपैकी साडेचार. ॲपच्या स्क्रीनसाठी दोन, तिथे मुक्ताच बरा. कथा, मुलाखती, दिवाळी अंकातले लेख वेबवर आणणाऱ्यांनी जरूर घ्यावा. घ्यायच्या आधी ही ओळ लावून बघा, मी आता प्रत्येक फॉन्टला हीच लावते: ‘कऱ्हाडच्या साळुंखेबाईंनी ॲल्युमिनियमची कळशी पायऱ्यांवर ठेवली, श्वास घेतला आणि उद्ध्वस्त घराकडे पाहिलं.’ आईच्या फोनवरही लावून बघा, ब्राइटनेस कमी करून.