औषधांची वही ठेवतेय बरेच महिने, अनुभव लिहिते

बाबांना बीपी, शुगर, थायरॉईड तिन्ही आणि डॉक्टर पण वेगवेगळे, त्यामुळे सगळं एका जागी असावं म्हणून आधी मोबाईलवर एक ॲप घेतलं. गोळीची आठवण करून द्यायला ते मस्तच आहे, पण गोळी बंद केली की ती यादीतून गायब, का बंद केली ते कुठेच राहत नाही, आणि मला तर तेच हवं होतं. म्हणून आता साधी वही, आणि पानांचे फोटो फोनमध्ये.

गोळीच्या कंपनीच्या नावापुढे आतलं औषध आणि किती एमजी ते लिहायचंच. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं, त्यात तापासाठी वेगळी घेतली की डोस डबल, आणि मोठ्या माणसाने दिवसाला 4 ग्रॅमच्या वर जायचं नाही, लिव्हरला त्रास होतो.

पण सगळ्यात कामाचा कॉलम म्हणजे 'का बंद केलं'. बाबांचं बीपीचं औषध रॅमिप्रिल कोरड्या खोकल्यामुळे थांबवलं होतं. मध्ये नवीन डॉक्टर त्याच गटातलं एनालाप्रिल लिहीत होते, मी ती ओळ दाखवली तर लगेच बदलून टेल्मिसार्टन दिलं. नुसती चालू गोळ्यांची यादी दाखवली असती तर त्यांना कळणार कसं? ॲलर्जीचं पण तेच, 'पेनिसिलिन चालत नाही' एवढ्याने भागत नाही, अंगावर पुरळ उठलं, श्वास लागला की फक्त पोट बिघडलं ते लिहा, डॉक्टरांचा निर्णय त्यावर ठरतो.

वेळा पण शेजारी शेजारी लिहा. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम यात 4 तास तरी अंतर लागतं, ते असं लिहिलं की लगेच दिसतं. शुगरची एचबीएवनसी टेस्ट साधारण मागच्या 3 महिन्यांची सरासरी सांगते, तेव्हा आकड्याशेजारी तारीख हवीच. ईसीजीचा कागद बऱ्याचदा थर्मल असतो, हळूहळू पुसट होतो, आल्या आल्या फोटो काढा.

त्रास एकच, डोस बदलला की हाताने लिहावं लागतं. मी जुनी ओळ खोडत नाही, खाली तारीख टाकून नवीन लिहिते, त्यामुळे पानं भराभर संपतात, संपू देत. आता आईची वही सुरू केलीय, तिच्या जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड तेवढं सापडायचंय.