लहान पोरांना घेऊन अंदमान: मुक्काम पोर्ट ब्लेअरला, हॅवलॉकला की नीलला?

सांगलीहून अंदमान म्हणजे आधी पुणं गाठायचं, तिथनं चेन्नई नाहीतर कोलकात्याला विमान बदलायचं, मग पोर्ट ब्लेअर, आणि खरा समुद्र बघायचा तर अजून पुढं हॅवलॉक नाहीतर नील बेटाला बोट. एवढा प्रवास पोरांना घेऊन करायचा असेल तर मुक्काम कुठं ठेवायचा हे तिकिटाच्या आधी ठरवा. हॉटेल बघताना सगळेजण पहिल्यांदा फोटोतला समुद्र बघतात. माझं म्हणणं असं आहे की पोरगं सहाच्या आतलं असेल तर समुद्र दोन नंबरला ठेवा आणि आधी दिवसाच्या दोन वेळा डोळ्यापुढं आणा, सकाळी दहा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी साडेपाचच्या पुढं. या दोन वेळेत तुम्ही रूमवरच असणार, बीचवर नाही.

याचं कारण तिथला सूर्य. अंदमान पार पूर्वेला आहे पण घड्याळ आपलंच, त्यामुळं सूर्य आपल्यापेक्षा साधारण सव्वा तास आधी उगवतो आणि सव्वा तास आधी मावळतो. मे महिन्यात पाचच्या आसपास लख्ख उजाडलेलं असतं, डिसेंबर-जानेवारीत पाच-साडेपाचला सूर्य बुडतो आणि मग अंधार पडायला वेळ लागत नाही. म्हणजे पोरं पहाटेच टक्क जागी, भूक भूक करत, आणि हॉटेलचा नाश्ता सुरू होणार साडेसातला. दहा वाजले की ऊन असं चढतं की वाळूत पाय ठेववत नाही. आणि संध्याकाळी अंधार पडल्यापासून पोरं झोपेपर्यंत तीन तास काढायचे असतात, ते कसे काढायचे हे फोटोत कुठंच दिसत नाही.

आता एकेक जागा बघू. नावांचं आधी सांगतो, हॅवलॉकचं नाव २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप, आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम. बुकिंग करताना दोन्ही नावं दिसतात, जागा त्याच.

पोर्ट ब्लेअरला राहण्याचा फायदा म्हणजे ते शहर आहे. मेडिकल आहे, इडली-डोसा आहे, दूध मिळतं, जी. बी. पंत हे मोठं सरकारी हॉस्पिटल आहे. आपल्याला मिरज शेजारी असल्यामुळं डॉक्टर म्हणजे दहा मिनिटांचं काम वाटतं, तिथं बेटांवर तसं नाही, आणि रात्री बोट नसते. संध्याकाळी अबर्डीन बाजारात किंवा मरीना पार्कला फिरवून आणलं की पोरांची संध्याकाळ निघते. सेल्युलर जेल बघायलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही, पण लाइट अँड साउंड शोला तीन-चार वर्षांचं पोर अंधारात शांत बसणार नाही, तेव्हा एकानं पोरांजवळ थांबायचं आणि दुसऱ्यानं जायचं असं आधीच ठरवा, जेल दिवसा सगळ्यांनी मिळून बघा. तोटा सरळ आहे, दारात बीच नाही. कॉर्बिन्स कोव्ह जवळातला जवळ, तोही गाडी करूनच. शहर चढ-उताराचं, पोरांची ढकलगाडी नेली तर उचलूनच फिरावी लागेल. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, म्हणून हॉटेलला टाकीचं विचारून घ्या.

सगळा मुक्काम पोर्ट ब्लेअरला ठेवून हॅवलॉक एका दिवसात करून यायचं, असं पॅकेजवाले सुचवतात. लहान पोरं असतील तर मी याच्या पूर्ण विरोधात आहे. पहाटे उठवायचं, जेट्टीवर तास-दीड तास थांबायचं, दीड ते अडीच तास बोट, त्यात एखादं उलटी करणार, मग भर उन्हात बीच आणि संध्याकाळी तेच सगळं उलटं. पैसे वाचतात, पण पोरांना त्यात काही मिळत नाही.

हॅवलॉकला राहायचं तर त्यातसुद्धा तीन वेगळ्या जागा आहेत, आणि निवडायला खरं इथंच अवघड जातं.

राधानगर बीच सगळ्यात देखणा, पांढरी मऊ वाळू, खडक नाहीत, लाइफगार्ड असतात, २०२० मध्ये ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित बीचला मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन) पण मिळाला. तिथं राहायचं म्हणजे एकदम महागडे रिसॉर्ट, आणि पैशाची अडचण नसेल तर पोरांसाठी छानच. फक्त जेट्टी आणि बाजार दहा-बारा किलोमीटर लांब आणि मधे जंगलातला रस्ता, म्हणजे खाणं-पिणं सगळं रिसॉर्टच्याच दरात. लाटाही इथं जास्त असतात, ओढ असते, लहान पोराला गुडघ्याच्या वर पाण्यात सोडायचं नाही. मगरीबद्दल सूचना देणारे बोर्ड आणि लाइफगार्ड काय सांगतात ते मनापासून पाळा, २०१० मध्ये इथं एका परदेशी पर्यटक बाईंचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता.

विजयनगर म्हणजे पाच नंबरचा बीच, मध्यम बजेटचे कॉटेजवाले रिसॉर्ट बहुतेक या पट्ट्यात. आम्ही बघत होतो तेव्हा सिझनला रात्रीचे सहा ते बारा हजार असे दर होते. समुद्रावर झुकलेली समुद्री महुआची (आपल्याकडचा मोह नव्हे) मोठी झाडं आहेत, त्यांची सावली थेट वाळूवर पडते आणि मला वाटतं पोरांसाठी हीच या जागेची खरी कमाई, कारण अकरा वाजता पण सावलीत वाळूचा किल्ला करत बसता येतं. पाणी उथळ, लाट जवळपास नाहीच. पण ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की पोहायला काही उरत नाही, खाली मेलेलं प्रवाळ आणि दगड उघडे पडतात, ते पायाला कापतात. पोहायची हौस घेऊन गेलेली मोठी माणसं इथं वैतागतात. माझं मत उलटं आहे, लहान पोरांना ओहोटीच जास्त आवडते. डबक्यात बारके मासे, शंखात राहणारे खेकडे तुरुतुरु पळतायत, आमची धाकटी तेव्हा तीन वर्षांची, ती एका खेकड्याच्या मागं वाकून वाकून सबंध सकाळ फिरली, खेकडा थांबला की ही पण थांबायची आणि तो शंखातनं परत बाहेर येईपर्यंत श्वास रोखून बघत बसायची. पायात रबरी सँडल मात्र पाहिजेच. शंख, प्रवाळ उचलून आणू नका, त्यावर बंदी आहे आणि एअरपोर्टवर बॅगेतनं काढून घेतात.

भरती-ओहोटीचं बुकिंगच्या वेळीच बघून ठेवा. पावसाळ्यात आपण सांगलीत आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फूट आलं ते बघतो तसं तिथं रोज पाण्याची वेळ बघायची. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप लांब जातं, अष्टमीच्या आसपास फरक कमी. रोज वेळ पाऊण-एक तासानं पुढं सरकते. विजयनगरला राहणार असाल तर अष्टमीच्या पुढं-मागं जाणं सोयीचं, पाणी दिवसभर त्यातल्या त्यात जवळ असतं.

तिसरी जागा गोविंदनगर, म्हणजे तीन नंबर, बाजार इथंच आणि जेट्टी जवळच. साधे लॉज, होमस्टे, दर बरेच कमी. बीच बघण्यासारखा नाही पण खाली उतरलं की भात-डाळ-मासे मिळणारी हॉटेलं, फळांची गाडी, मेडिकल, दवाखाना जवळ. दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल आणि बजेट कमी असेल तर मी विजयनगरपेक्षा हे निवडेन, दिवसा रिक्षा करून बीचवर जायचं.

नील छोटं आहे, एका टोकाकडनं दुसऱ्या टोकाकडं रिक्षानं थोड्या वेळात जाता येतं, भातशेती, भाजीचे मळे, केळी. जेट्टीला लागूनच भरतपूर बीच, उथळ आणि शांत, तिथं काचेच्या तळाची बोट असते, त्यात बसून प्रवाळ आणि मासे दिसतात, पाण्यात उतरायचं नाही, त्यामुळं चार-पाच वर्षांच्या पोरांना यापेक्षा चांगलं काही नाही. इथं होमस्टे करा असं मी सांगेन. हॅवलॉक-नीलवर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना वसवलेलं आहे, त्यामुळं घर बंगाली, स्वयंपाक बंगाली, पण घरात चूल सहाला पेटते आणि काकूंना सांगितलं की पोरासाठी बिनतिखटाचा मऊ डाळभात कधीही करून देतात. रिसॉर्टमधे हेच मागायचं तर किचन उघडायची वाट बघावी लागते आणि वर बिल. संध्याकाळच्या तीन तासांचा प्रश्न पण इथं सुटतो, अंगण असतं, कोंबड्या असतात, घरातली पोरं असतात, भाषा एक नसली तरी खेळ जमतो. कमी काय तर रूम साधी, एसी प्रत्येक ठिकाणी नाही, पाणी कधी मचूळ येतं, बाजार लवकर सामसूम होतो आणि दुखणं आलं तर छोटं सरकारी केंद्र सोडून बाकी काही नाही.

वीज दोन्ही बेटांवर मुख्यतः डिझेलवर चालते आणि जाते. म्हणून जनरेटर आहे का एवढंच विचारू नका, जनरेटरवर एसी चालतो का फक्त पंखा-लाइट, हे विचारा, दुपारी पोरांची झोप त्यावर आहे. ताज्या दुधाचा पण तोच प्रकार, बहुतेक ठिकाणी पावडरचं किंवा टेट्रापॅकचं, आपल्याकडं चितळेंच्या दुधावर वाढलेली पोरं पहिल्या दिवशी तोंड फिरवतात, म्हणून पोर जी पावडर पितं ती इथनंच न्या, मेतकूट आणि तूप पण न्या.

फोनवर अजून एक-दोन गोष्टी विचारायच्या, आणि नुसतं विचारायचं नाही, व्हॉट्सॲपवर फोटो मागायचे. लाकडी कॉटेज जमिनीपासून चार-पाच पायऱ्या वर असतात आणि पुष्कळ ठिकाणी व्हरांड्याला कठडाच नसतो, चालायला शिकलेलं पोर असेल तर ही एक गोष्ट सगळ्या सुट्टीभर तुमचा जीव टांगणीला लावते. काही कॉटेजचं बाथरूम अर्धं उघडं असतं, वर आकाश, फोटोत फार छान दिसतं, पण रात्री दोनला पोराला शू लागली आणि पाऊस पडतोय, फरशी ओली आणि कोपऱ्यात बेडूक, तेव्हा त्याचा उपयोग नसतो. बंद छताचं बाथरूम, दाराला वरची कडी, खिडकीला जाळी, एवढं असेल तर गार्डन व्ह्यू घ्या आणि सी व्ह्यूचे जास्तीचे पैसे वाचवा, बीच तसाही शंभर पावलांवर असतो. समुद्राच्या अगदी तोंडावरची कॉटेज तर लहान पोरं असताना मी घेणारच नाही, दार उघडं राहिलं की पोर थेट पाण्याकडं.

वाळूतल्या बारक्या माश्यांचं पण सांगितलं पाहिजे, सँडफ्लाय म्हणतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला चावतात, फोड आठवडाभर खाजतात, पोरं खाजवून रक्त काढतात. पायाला खोबरेल तेलाचा जाड हात मारून पाठवायचं आणि उघड्या वाळूवर बसवायचं नाही, खाली चादर टाकायची.

तर माझा कौल असा. दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर बेटं कमी करा, पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉकचा बाजारपट्टा, बास. तीन ते सहाची पोरं असतील तर नीलचा होमस्टे पहिला, विजयनगरचं कठडा असलेलं कॉटेज दुसरं, आणि दोन्ही जमवायचं असेल तर एकेका जागी किमान दोन-दोन रात्री, रोज बॅगा भरायला लागल्या की पोरं चिडचिडी होतात. सातच्या पुढची, पाण्याला न घाबरणारी पोरं असतील तर राधानगरच्या फेऱ्या जास्त करा. आजी-आजोबा बरोबर असतील तर हॅवलॉकचं रिसॉर्ट सोयीचं, सगळ्यांना एका आवारात राहता येतं आणि दुपारी पोरं त्यांच्याजवळ झोपतात.

कधी जायचं, तर डिसेंबर ते एप्रिल चांगलं. तासगावकडच्या द्राक्षवाल्यांना ऑक्टोबर छाटणीमुळं दिवाळीत हलता येत नाही, मग सगळा भार मेवर येतो, आणि मेच्या उत्तरार्धातच पेपरात बातमी येते की मान्सून अंदमानात दाखल. आपल्याला ती बातमी गोड, पण तिथं तेव्हा समुद्र खवळतो आणि बोटी रद्द होतात. मेमधेच जायचं असेल तर पहिल्या पंधरवड्यात उरकून या, पैसे परत मिळणारं बुकिंग घ्या, थोडे जास्त गेले तरी चालतील, आणि परतीच्या विमानाच्या आदली रात्र बेटावर न ठेवता पोर्ट ब्लेअरलाच ठेवा.