इमामुरा की उचिदा? फरार खुन्याचे दोन जपानी सिनेमे

फरार खुन्यावरचा एकच जुना जपानी सिनेमा बघायचा म्हटलं, तर निवड बहुतेक वेळा दोघांतच होते. शोहेइ इमामुराचा १९७९ चा ‘व्हेन्जन्स इज माइन’ किंवा तोमु उचिदाचा १९६५ चा ‘अ फ्युजिटिव्ह फ्रॉम द पास्ट’.

इमामुराचं नाव जास्त घेतलं जातं, आणि ते उगीच नाही. अकिरा निशिगुची या खऱ्या खुन्यावर बेतलेला इवाओ एनोकिझु हा खुनी केन ओगाता या नटाने साकारलाय. पहिल्या खुनानंतर तो रक्ताने माखलेले हात स्वतःच्याच लघवीने धुतो आणि चालायला लागतो. पुढे प्राध्यापक म्हणून मिरवतो, हामामात्सुतल्या एका लॉजच्या मालकिणीला भुलवतो. हा माणसं का मारतो, हे इमामुरा शेवटपर्यंत सांगत नाही. ते मला आवडलंच.

मी वैतागलो ते काळाच्या उड्यांनी. सुरुवातीलाच एनोकिझु पकडला गेलाय. मग गोष्ट मागे, आणखी मागे, पार त्याच्या लहानपणी नौदलाने बापाच्या होड्या नेल्या तिथवर, आणि परत पुढे. ठिकाण-तारखेच्या पाट्या येतात, तेवढ्यात खाली सबटायटलही पळत असतं. आमच्याकडे सिनेमा लागतो जेवणं आटोपल्यावर. मध्येच कुणीतरी दुधाखालचा गॅस बंद केलास का म्हणून विचारणार. तेवढ्यात नजर हटली की संपलंच: हा खून आधीचा की नंतरचा? मागे नेऊन बघायचं, पुन्हा लय लागेपर्यंत पुढची उडी. थिएटरच्या अंधारात हे कदाचित जाणवणारही नाही. घरी मात्र फार जाणवलं.

उचिदाचा सिनेमा तीन तासांचा, कृष्णधवल, १६ मिमीच्या अरुंद फिल्मवर चित्रित करून मोठा केलेला, त्यामुळे चित्र खरखरीत. ऐकूनच टाळावासा वाटतो. पण गोष्ट बरीचशी सरळ पुढे जाते. युद्धानंतरची उपासमार, वादळात बुडालेली फेरीबोट, आणि प्रवाशांच्या यादीपेक्षा दोन प्रेतं जास्त. तिथून एक म्हातारा होत चाललेला पोलीस इनुकाई या फरार संशयिताच्या मागे लागतो. इनुकाईने खून केलेत की नाहीत, हेही आपल्याला धड कळत नाही.

शिवाय याए आहे. साचिको हिदारीने केलेली ही वेश्या एका रात्रीच्या ओळखीत इनुकाईची नखं कापते, तो तिला नोटांचं पुडकं देऊन निघून जातो. त्यातला नखाचा एक तुकडा ती वर्षानुवर्षं जपते, एकटी असताना काढून गालावर फिरवते. ते बघताना अंगावर काटाही येतो आणि तिची कीवही येते. एनोकिझुच्या अख्ख्या गोष्टीत मला असं कुणाबद्दल वाटलं नाही. लॉजच्या मालकिणीच्या म्हाताऱ्या आईचा अपवाद करायला हवा, ती जबरदस्त आहे.

उचिदाचं सगळंच जमलंय असं नाही. शेवटच्या तासात पोलीस खोलीत बसून बोलतच राहतात, आणि निगेटिव्हसारखी उलटी दिसणारी दृश्यं आज जरा नाटकी वाटतात. ज्याला थंड, निर्दय सिनेमा हवा त्याने खुशाल इमामुरा घ्यावा. माझा आग्रह नाही.

दोन्ही बघायचे असतील तर मात्र आधी उचिदा. त्यातला इनुकाई करणारा रेंतारो मिकुनीच इमामुराच्या सिनेमात खुन्याचा बाप आहे. फरार मिकुनी आधी बघितला असेल, तर बाप-लेकाच्या शेवटच्या भेटीत त्या बापाकडे आपण जरा वेगळ्या नजरेने बघतो.