खादीचा तिरंगा, ९०० बाय ६०० : एका शिवणकामवालीचा अभिप्राय

आमच्या सोसायटीत १५ ऑगस्टचा झेंडा आणायचं काम ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात पडतं. यंदा माझ्या पडलं. "काकू, तुम्हाला कापडातलं कळतं," सेक्रेटरी म्हणाले. कळतं खरं. बत्तीस वर्षं ब्लाउज शिवतेय.

खादी भांडारातून ९०० बाय ६०० मिलिमीटरचा सुती झेंडा घेतला. सरकारने ठरवलेल्या नऊ मापांत हा वरून सहावा. सगळ्यांत मोठा ६३०० बाय ४२००, तो आमच्या हॉलमध्ये अंथरताही येणार नाही. घरी आल्यावर आधी टेप लावली. लांबी साडेपस्तीस इंचांना किंचित कमी, रुंदी पावणेचोवीसला किंचित कमी, म्हणजे माप चोख. तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे. जोडाच्या कडा आत दुमडून वरून पुन्हा टीप मारलेली, त्यामुळे आतून दोरे लोंबत नाहीत. दोरी ओवायच्या नेफ्याचं कापड वेगळं, चांगलं जाडजूड, कारण वाऱ्याचा सगळा ओढा तिथेच येतो. चक्राचे आरे मोजले, चोवीस. उजेडाकडे धरून पाहिलं, तर मागचं चक्र पुढच्यावर बरोबर बसलेलं. मी गिऱ्हाइकाच्या काठाला काठ जुळवताना घाम गाळते, त्यामुळे हे ज्यांनी केलं त्यांना माझा नमस्कार. असे झेंडे हुबळीच्या बेंगेरीला होतात हे ऐकून होते. आपल्या नांदेडलाही होतात, हे भांडारात कळलं.

आता तक्रार. झेंडा वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत हातात दिला. घडी कशी घालायची, भिजला तर काय करायचं, फाटला तर काय करायचं, याची एक चिठ्ठीही नाही. दीडशे रुपयांच्या साडीबरोबर, रंग सोडू नये म्हणून पहिली धुलाई मिठाच्या पाण्यात करा असं सांगणारे दुकानदार मी पाहिलेत!

आणि हो, तो पावसात जड होतो. १५ ऑगस्टला सकाळी सरी आल्या आणि झेंडा काठीला चिकटून बसला. शेजारच्या इमारतीचा पॉलिस्टरचा मात्र झुळकीलाही फडफडत होता. फोटोत त्यांचाच चांगला आला, हे मान्य करते.

खजिनदारांचं म्हणणंही पॉलिस्टरचाच घ्या असं होतं. २०२२ साली पोस्टात २५ रुपयांना झेंडा मिळाला होता, मग इतके पैसे कशाला? ध्वजसंहितेतल्या, म्हणजे झेंड्याच्या सरकारी नियमांतल्या, ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिस्टरला आणि यंत्रावर विणलेल्या कापडाला परवानगी मिळाली, तेव्हा त्यांचं चूक नाही. पोस्टातला तो झेंडाही मी मापला होता. ३० बाय २० इंच, नऊ मापांत बसत नाही, पण ३:२ प्रमाण अगदी बरोबर.

२०२२ पासून घरावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो. "म्हणजे संध्याकाळी उतरवायची कटकट गेली," असं मीटिंगमध्ये कुणीतरी आनंदाने म्हणालं. उतरवायला दर वर्षी वॉचमनच जायचा, चढवायला मात्र चार जण दोरी धरायचे. २००४ साली सुप्रीम कोर्टाने नागरिकाला झेंडा लावायचा हक्क मान्य केला, तो सन्मानाने लावायचा या अटीवर. आमच्याकडे पहिला भाग पाठ आहे. मागे एका गॅलरीत झेंडा थेट दिवाळीपर्यंत होता. भगव्याचा फिका गुलाबी झाला, कडेच्या चिंध्या झाल्या. फाटका, मळका झेंडा लावायचा नाही हे ध्वजसंहितेत स्पष्ट आहे. शेवटी मीच बेल वाजवली. "अहो, विसरलोच," म्हणाले बिचारे.

खादीचा मात्र विसरता येत नाही, हा त्याचा खरा गुण. ओला झाला की खाली घ्यावा लागतो, सावलीत वाळवावा लागतो, नाहीतर बुरशी धरेल. मी घरात दोरीवर दोन दिवस पसरला, तर सेक्रेटरींचा नातू रोज येऊन "वाळला का?" विचारायचा. त्याला घडी शिकवली. आडवा धरायचा, भगवा आणि हिरवा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग दोन्ही बाजूंनी मधे आणायचा, वर चक्र दिसलं पाहिजे. तिसऱ्या खेपेला त्याला जमली.

पाचपैकी चार तारे. एक त्या न दिलेल्या चिठ्ठीसाठी कापला.

१६ तारखेला सकाळी दूध आणायला गेले, तर गटाराच्या कडेला पॉलिस्टरचे दोन छोटे झेंडे पडलेले. खराब झेंडा एकांतात, सन्मानाने, शक्यतो जाळून नष्ट करावा असं संहिता सांगते. आम्ही शिवणकामवाले कापड ओळखायला एक धागा जाळून बघतो. सुताची मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. हे ठाऊक असूनही ते दोन झेंडे धुऊन, वाळवून गच्चीत जाळले. काळे, दगडासारखे गोळे उरले. ते बटणांच्या जुन्या डब्यात ठेवलेत. कचऱ्यात टाकायला हात होत नाही.