हेल्मेट: 1200 चं की 5000 चं? विदर्भातल्या गावरस्त्यांसाठी तुलना

पैशांचा प्रश्न आहे, तर आधी किमतीच मांडतो. रस्त्याच्या कडेला चादरीवर मांडलेलं हेल्मेट 200 ते 400 रुपयांत मिळतं. आयएसआय शिक्क्याचं, पूर्ण चेहरा झाकणारं देशी हेल्मेट, म्हणजे स्टड्स, स्टीलबर्ड, वेगा यांचं, साधारण 1000 ते 1800 ला पडतं. त्याच्या वरची पायरी 3000 पासून 8-10 हजारांपर्यंत जाते. स्टड्सचं एसएमके, वेगाचं ॲक्सर, शिवाय एलएस2 आणि एमटी ही नावं तिथे दिसतात. त्याच्याही वर एजीव्ही, शोई, अराई. ती साधारण 20 हजारांपासून पुढे, आणि डोक्यात घालून पाहायची असतील तर नागपूर गाठावं लागतं.

यातली पहिली पायरी तुलनेत धरूच नये, असं माझं ठाम मत आहे. हेल्मेटमध्ये खरं काम करतो तो आतला कडक थर्माकोलचा थर. बाहेरचं कवच आघात पसरवतं आणि टोकदार दगड आत शिरू देत नाही. पण डोकं थांबायला जे काही मिलिमीटर जास्तीचे मिळतात, ते थर्माकोल चिरडला जातो म्हणून. चादरीवरच्या हेल्मेटात बहुतेक वेळा हा थर नसतोच, असला तर बोटाने दाबला तरी बसतो. अंगावर ‘डॉट’ लिहिलेलं स्टिकर मात्र झोकात असतं. डॉट हे अमेरिकेचं मानक, आणि तिथे कंपनी स्वतःच जाहीर करते की आमचा माल त्यात बसतो. त्यामुळे इथल्या रस्त्यावर ते स्टिकर पाहून काहीच सिद्ध होत नाही. 1 जून 2021 पासून आपल्या देशात दुचाकीसाठी आयएसआय प्रमाणित हेल्मेटच विकता येतं. तरी आठवडी बाजारात बिनशिक्क्याचा माल खुशाल मिळतो. वणीकडे कोळसा खाणीतलं पिवळं हेल्मेट घालूनच गाडीवर निघणारेही दिसतात. ते वरून पडणाऱ्या वस्तूसाठी केलेलं असतं. गाडीवरून पडल्यावर कपाळ, कानशील किंवा हनुवटी वाचवायला त्यात काहीच नसतं.

आता खरी तुलना: 1200 चं आयएसआय की 5000 चं?

अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने 2008 मध्ये घेतला. हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्के आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे 69 टक्के कमी होतो, असं त्यात निघालं. हा फरक हेल्मेट असणं आणि नसणं यांतला आहे, स्वस्त आणि महाग यांतला नाही. एखादं चाचणीतून गेलेलं, डोक्याला घट्ट बसणारं, पट्टा लावलेलं हेल्मेट तुमच्या डोक्यावर आलं की सगळ्यात मोठी उडी तिथेच मारून झाली.

‘1200 चं हेल्मेट 60 च्या स्पीडला काय टिकणार?’ असं लोक विचारतात. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. साधं घसरून पडलं तर डोकं जमिनीवर किती जोरात आपटतं हे मुख्यतः पडण्याच्या उंचीवर ठरतं. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं साधारण दीड मीटर उंचीवर असतं. तिथून ते खाली आलं तर जमिनीला लागताना वेग ताशी 20 किलोमीटरच्या आसपास भरतो. युरोपच्या ईसीई 22.05 मानकात हेल्मेट सेकंदाला 7.5 मीटर, म्हणजे ताशी 27 किलोमीटर वेगाने लोखंडी ठोकळ्यावर आपटून पाहत. त्यामुळे गिट्टीवरून गाडी घसरली, खड्ड्यात चाक गेलं, कुत्रं आडवं आलं, तर चांगलं हेल्मेट पुरं पडायची शक्यता भरपूर असते. बिनदिव्याच्या ट्रॉलीवर सरळ 60 ने जाऊन आदळलं, तर मात्र 1200 चं काय आणि 40 हजारांचं काय, कुणीच हमी देऊ शकत नाही.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? एक भाग जातो जास्तीच्या चाचणीत. 3-4 हजारांच्या पुढच्या बऱ्याच हेल्मेटांना आयएसआयच्या जोडीला ईसीईचंही प्रमाणपत्र असतं. नवं ईसीई 22.06 मानक मला मोलाचं वाटतं, कारण त्यात वेगवेगळ्या वेगांनी आपटून पाहतात आणि तिरक्या धडकेत डोक्याला बसणारा पीळही मोजतात. रस्त्यावर माणूस बहुधा तिरकाच पडतो, आणि मेंदूला त्या पिळाची इजा वाईट होते. पट्ट्याला शिवलेल्या लेबलावर गोलात ‘ई’ आणि खाली 06 ने सुरू होणारा क्रमांक असेल, तर ते 22.06 आहे. असं हेल्मेट 5000 च्या आत मिळत असेल, तर वरचे पैसे सुरक्षेलाच लागले असं समजा.

दुसरा भाग जातो कवचात. स्वस्तात एबीएस प्लास्टिक, महागात फायबर किंवा कार्बन. फायबर-कार्बनमुळे वजन कमी होतं, पण ते बरंच वरच्या किमतीला. 3 ते 6 हजारांच्या पट्ट्यातली कितीतरी हेल्मेटं दीड किलोच्या आसपास असतात, आणि साधं आयएसआय 1200 ग्रॅमच्या आसपास. महाग म्हणजे हलकं, हे या पट्ट्यात खरं नाही. मानेचा त्रास असलेल्या माणसाने तर दुकानात दोन्ही घालून पाच मिनिटं उभं राहावं.

तिसरा भाग नाव, रंग आणि मागच्या पंखांत जातो. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

ब्रिटनमध्ये 2007 पासून ‘शार्प’ नावाची सरकारी योजना हेल्मेटं विकत आणून आपटून पाहते आणि तारे देते. तिथे कमी किमतीच्या काही हेल्मेटांना पाच तारे मिळालेत आणि महागड्या काहींना कमी. किमतीवरून सुरक्षा ओळखता येत नाही, हे त्यातून दिसतं. पण हे वाचून 1200 चंही पाच ताऱ्यांचं असेल असं धरू नका. तिथलं ‘स्वस्त’ म्हणजे आपले पाच-सहा हजार, आणि त्या यादीतली सगळीच हेल्मेटं आधी ईसीई पास झालेली.

माप हा किमतीपेक्षा मोठा मुद्दा आहे. गाडीसोबत शोरूममधून मिळणारं हेल्मेट बहुधा एकाच मापाचं येतं आणि घरातले सगळे तेच घालतात. आतल्या लेबलावर 560, 580, 600 असे आकडे असतात. तो डोक्याचा घेर आहे, मिलिमीटरमध्ये. भुवयांच्या वरून टेप फिरवून घरीच मोजा. हेल्मेट घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, आणि मान हलवली की हेल्मेट डोक्यासोबत हललं पाहिजे. पट्टा लावा आणि कुणाला तरी मागून वर, पुढच्या बाजूला ओढायला सांगा. निघून आलं तर ते 10 हजारांचं असलं तरी दुकानात ठेवून या.

हनुवटीचंही इथेच सांगतो. जर्मनीत हानोव्हरला झालेल्या अपघातांच्या अभ्यासात हेल्मेटवरच्या धडकांपैकी सुमारे एक तृतीयांश धडका हनुवटीच्या भागात आढळल्या. म्हणून 2500 चं अर्धं हेल्मेट आणि 1200 चं पूर्ण यांत निवडायचं असेल, तर पूर्ण घ्या. यात मला दुसरा विचार करावासा वाटत नाही.

आता आपल्याकडच्या उन्हाचं बोलू, कारण विदर्भात हेल्मेट डोक्यावर न जाण्याचं पहिलं कारण तेच सांगितलं जातं. महागड्या हेल्मेटला हवेच्या खिडक्या जास्त असतात, आणि ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत त्यांचा फायदा खरंच होतो. पण नवतपात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45-46 ला टेकतो, तेव्हा आत येणारी हवाच अंगापेक्षा गरम असते. खिडक्या कितीही असल्या तरी ती डोकं भाजतेच. त्या दिवसांत पातळ सुती दुपट्टा ओला करून आत बांधणं हा उपाय 1200 च्या हेल्मेटातही तितकाच चालतो. फक्त दुपट्ट्याची गाठ डोक्याच्या मागे किंवा वर येऊ देऊ नका, आणि माप घेतानाच तो दुपट्टा बांधून घ्या. जाड दुपट्ट्यावर एक माप मोठं हेल्मेट घेतलं, की पावसाळ्यात दुपट्टा सुटतो आणि हेल्मेट डोक्यावर डुगडुगत राहतं.

उन्हाळ्यासाठी पैसे घालायचेच तर आतलं अस्तर काढून धुता येतं की नाही ते पाहा. ही सोय 1500 ते 2000 पर्यंतच्या हेल्मेटातही मिळते. घामाने कुबट झालेलं हेल्मेट माणूस गाडीला लटकवून ठेवतो, आणि पडायच्या वेळी ते हँडललाच असतं.

काचेवर मात्र खर्च करावा. काळ्या मातीची धूळ, कोळशाच्या ट्रकांची राख, कापसाच्या गाड्यांमागे उडणारा फुफाटा, हे सगळं काचेवर बसतं आणि लोक ते शर्टाच्या बाहीने पुसतात. दोन महिन्यांत काचेवर बारीक ओरखड्यांचं जाळं होतं. दिवसा ते जाणवत नाही. रात्री समोरून हायबीम आला की सगळी काच पांढरी होते, आणि नेमका त्याच क्षणी रस्त्याच्या कडेला रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर उभा असू शकतो, नाहीतर मागे एकही दिवा नसलेली कडब्याची बैलगाडी. ओरखड्यांपासून संरक्षण असलेली काच 3000 च्या पुढच्या हेल्मेटांत बहुधा चांगली असते, थंडीत धुकं न धरणारी जास्तीची पट्टीही काहींत बसते. पण देशी हेल्मेटची नवी काच काहीशेत तालुक्याच्या दुकानातच मिळते, आणि परदेशी हेल्मेटची काही हजारांत, तीही मागवून. दर वर्षी नवी काच बसवलेलं 1200 चं हेल्मेट रात्रीच्या प्रवासाला ओरखडे पडलेल्या 6000 च्यापेक्षा चांगलं. काळी काच असेल तर अंधार पडायच्या आत घरी पोचणाऱ्यांनीच ती ठेवावी. आणि धूळ आधी पाण्याने वाहू द्या, मग पुसा.

हेल्मेट ठेवण्याबद्दलही थोडं. पेट्रोलने थर्माकोल विरघळतो, फवारणीच्या बऱ्याच औषधांतल्या द्रावकानेही. औषधाचा डबा आणि हेल्मेट एकाच पिशवीत घालून शेतात जाऊ नका. थर्माकोल बिघडेल ते वेगळंच, आतल्या फोममध्ये मुरलेलं विष दिवसभर कपाळाला आणि गालाला लागत राहील. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून साफ दिसलं तरी बदलायचं, कारण चिरडलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. न आपटलेलंही साधारण पाच वर्षांनी बदलावं. म्हणजे 1500 चं हेल्मेट वर्षाला 300 रुपयांना पडतं आणि 5000 चं 1000 ला.

आणि आता माझ्या दृष्टीने या सगळ्या हिशोबातली सगळ्यात जड बाजू. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये हेल्मेट नसल्यामुळे देशात 50,029 माणसं गेली. त्यात 14,337 जण मागे बसलेले होते. आपल्याकडे गाडीवर एकटा माणूस क्वचितच असतो. बायकोला माहेरी सोडायचं असतं, आईला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचं असतं, पोरीला कॉलेजात पोचवायचं असतं. पुढच्याच्या डोक्यावर चालानच्या भीतीने हेल्मेट असतं आणि मागची बाई पदर दातात धरून बसलेली असते. मोटार वाहन कायद्याचं 129 वं कलम मागच्यालाही तितकंच लागू आहे, चार वर्षांवरच्या लेकरालाही. धडक झाली की मागचा माणूस पुढच्याइतकाच, कधी जास्तच, उडतो.

म्हणून घरात 5000 रुपये बाजूला काढले असतील आणि गाडीवर दोघं-तिघं बसत असतील, तर मी स्वतःसाठी एक महाग हेल्मेट घेणार नाही. 1500 ची दोन पूर्ण हेल्मेटं, लेकरासाठी त्याच्या मापाचं एक आयएसआय हेल्मेट, आणि उरलेल्या पैशांत सुटी काच. ‘एकाच्याले ब्रँडेड आन बाकीच्याईले काही नाही’, असं घरोघरी चाललंय, ते थांबायला हवं.

एकट्याने रोज लांब अप-डाउन करणाऱ्याचं वेगळं. यवतमाळहून आर्णीला जाणारा मास्तर, रात्रपाळीहून परतणारा खाणकामगार, पहाटे दूध घेऊन निघणारा, नागपूर-हिंगणघाट रस्त्यावर ट्रकांच्या रांगेतून रोज जाणारा: यांनी 3500 ते 6000 चं, 22.06 चं लेबल असलेलं घ्यावं. रोज तासभर डोक्यावर राहणार असेल तर चांगली काच, घट्ट बैठक आणि जास्तीची चाचणी यांचे पैसे वसूल होतात. कॉलेजातल्या पोराने 200 सीसीची गाडी घेतली असेल तर त्यालाही हेच, आणि ते पैसे गाडीच्या हप्त्यातच धरायला लावा. 20 हजारांच्या पुढचं हेल्मेट लांब हायवेवर वेगाने फिरणाऱ्यांसाठी ठीक आहे. गावाहून तालुक्याला जाणाऱ्या माणसाला त्याची गरज नाही. चार-पाच किलोमीटरवरच्या शेतात जाणाऱ्याला 1200 चं पुरतं, पण ते रोज घालायचं आणि शेताच्या बांधापर्यंत पट्टा लावूनच जायचं.

दुकानात पैसे देण्याआधी शिक्क्यावर आयएस 4151 हा हेल्मेटच्या मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहा, आणि तो परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाका. कंपनीचं नाव जुळलं नाही तर पुढच्या दुकानात जा. बिल मागा, आणि मागे बसणाऱ्या माणसाला सोबत घेऊन जा, म्हणजे त्याचंही माप तिथेच होईल.